माणसाने खाली उतरायचे नाही

उभ्या पंपाची सगळी अक्कल एका गोष्टीत सामावलेली असते. मोटर वर, कोरड्यात. पाणी उपसणारे तोंड खाली, खड्ड्यातल्या पाण्यात. आणि दोघांच्या मध्ये माणसाच्या तिप्पट उंचीचा पोलादी दांडा. पंप बिघडला की साखळीने अख्खा वर खेचायचा, आडवा निजवायचा, दुरुस्त करायचा आणि पुन्हा खाली सोडायचा. माणसाने खाली उतरायचे नाही. ज्याने कोणी हा पंप पहिल्यांदा योजला, त्याने आधी खड्ड्यातल्या माणसाचा विचार केला असणार आणि मग पाण्याचा, असे मिस्त्रींचे ठाम मत होते. ते मत पुराव्यावर टिकेल की नाही कोण जाणे. त्यांच्या आयुष्यातले सर्वांत मोठे भांडण मात्र त्याच मतापायी झाले.

सुताच्या रिळांना रंग देणाऱ्या एका कारखान्यात मिस्त्री पंपांची देखभाल करीत. लोक त्यांना तोंडावर ‘मिस्त्री’ म्हणत आणि पाठीमागे ‘ठिणगी’. ते पाठीमागचे नाव त्यांना ठाऊक होते आणि त्याचा त्यांना राग नव्हता. बाकी बहुतेक सर्व गोष्टींचा होता. एका बड्या पाहुण्याला त्यांनी दंडाला धरून पंपघराबाहेर काढले, ही कथा अजूनही रंगवून सांगितली जाते. ती तशी घडलेली दिसत नाही. तो पाहुणा बडा नव्हता, मोटरी विकायला आलेला माणूस होता. आणि त्याच्या दंडाला कोणी हात लावला नव्हता. आडव्या ठेवलेल्या दांड्यावर बूट टेकवून तो नाडी बांधू लागला, तेव्हा मिस्त्रींनी एवढेच विचारले, “आईच्या पाठीवर पाय देऊनही अशीच बांधता का?” माणूस उघड्या नाडीनेच निघून गेला.

दांड्याविषयीचा हा जिव्हाळा उगीच नव्हता. लांब दांडा दोन टोकांवर टेकवून ठेवला तर स्वतःच्याच वजनाने मध्ये झोल खातो, आणि एकदा वाकला की पुन्हा बसवल्यावर थरथर कापत त्याला धरून ठेवणारे बुश खाऊन टाकतो. म्हणून मिस्त्री त्याच्याखाली ओळीने लाकडी ठोकळे देत, ठोकळ्यांवर गोणपाट घालत आणि आजाऱ्याची उशी सारखी करावी तसा एकेक ठोकळा सरकवीत राहत. यंत्रावर ते कधी चिडले असे कोणी पाहिलेले नाही. “यंत्र बिघडतं,” ते म्हणत, “माणसं बिघडवतात.”

त्यांची बायको त्याच कारखान्यात, त्याच इमारतीत, नेमकी त्यांच्या डोक्यावर काम करी. पंपघर तळमजल्यावर होते, रंगाईचे सांडपाणी जमणाऱ्या खड्ड्यावर. पूर्वी ते छपरापर्यंत मोकळे होते आणि छपराच्या तुळईला पंप खेचण्यासाठी लोखंडी आकडा होता. पुढे जागा कमी पडू लागली तेव्हा मध्येच एक स्लॅब घालून वर पॅकिंगची खोली काढण्यात आली. आकड्याच्या बरोबर खाली, त्या स्लॅबमध्ये एक चौकोनी भोक ठेवले होते आणि त्यावर फळ्या टाकल्या होत्या. पंप काढायचा असला की वरच्या बायका दोन टेबले बाजूला सरकवीत, फळ्या उचलल्या जात आणि मिस्त्रींचा पंप खालून वर, रिळांच्या खोक्यांच्या मधोमध, रंगीत पाणी ठिबकत उगवे. बायकांपैकी सर्वांत वयस्क, जिला सगळ्या ‘मोठी बाई’ म्हणत, ती म्हणे, “आला बघा जावई, न्हाऊन!” मिस्त्रींच्या बायकोला त्या खोलीत सगळ्या ‘मिस्त्रीणबाई’ म्हणत.

अडचण फळ्यांची होती. त्यांच्या फटींतून खड्ड्यातली वाफ आणि कुजका वास अष्टौप्रहर वर येई. बायकांचे डोके दुखे, डोळे चुरचुरत. मिस्त्रीणबाईंनी त्याबद्दल तोंड उघडले, आणि त्यांनी उघडले म्हणून इतरांनीही उघडले.

वार्षिक सुटीत कारखाना बंद राहिला. सुटी संपल्यावर मिस्त्री पंपघरात आले, सवयीने वर पाहिले, आणि जिथे भोकावरच्या फळ्या दिसायच्या तिथे त्यांना कोऱ्या सिमेंटचे ठिगळ दिसले.

ते तडक देखभालीच्या साहेबांकडे गेले.

“साहेब, वरचं भोक कुठं गेलं?”

“बुजवलं. बायकांची तक्रार होती. सगळ्यात मोठा आवाज तुमच्याच घरचा होता म्हणे.”

“आणि पंप वर कसा घ्यायचा?”

“वर कशाला घ्यायचा? खाली उतरून सुटा करायचा. तुकड्यातुकड्यांनी निघतो की.”

साहेबांना पंप कळत नव्हता असे कोणी समजू नये. त्यांना तो उत्तम कळत होता. साचलेल्या रंगपाण्यातून जड, विषारी वायू निघतो आणि तळाशी बसून राहतो, हेही त्यांना पक्के माहीत होते. खड्ड्याच्या तोंडाशी ‘परवानगीशिवाय उतरू नये’ अशी पिवळी पाटी त्यांनी स्वतः उभे राहून लावून घेतली होती. अज्ञान असते तर मिस्त्रींनी समजावून सांगितले असते. इथे समजावण्यासारखे काही उरलेच नव्हते, आणि त्यांच्या मस्तकात तिडीक गेली ती नेमकी त्यामुळे.

घरी आल्यावर ती तिडीक कुठे तरी उतरणारच होती.

“तुमच्या नाकाला वास सोसवत नाही म्हणून माझ्या नाकात वायू भरायचा का?” ताटावर बसता बसताच त्यांनी विचारले.

“काय झालं ते नीट सांगाल, की नुसतं ताट आपटाल?” मिस्त्रीणबाई म्हणाल्या.

“तुझ्या भावाला विचार. थापी त्याची, अक्कल तुझी.”

भाऊ गवंडी होता, आणि कारखान्यातली बरीचशी डागडुजी तोच करी. स्लॅबचे ठिगळ त्याच्याच हातचे होते. तो दुसऱ्या दिवशी समजूत घालायला आला आणि उंबऱ्यातच अडला.

“भावोजी, मला काम सांगितलं, मी केलं. भोक दिसलं की बुजवायचं, आमचा धंदाच तो.”

“मग तुझ्या डोक्यातलं का नाही बुजवलंस?”

“मी विचारलं होतं साहेबांना, हे भोक कशाचं. म्हणाले, जुनं आहे, आता उपयोग नाही.”

“आणि मी मेलो होतो का? मला विचारायला तुझ्या जिभेला काय सिमेंट लागलं होतं?”

मेहुणा परत गेला. मिस्त्रीणबाईंनी मध्ये काही सांगायचा प्रयत्न केला. मिस्त्री पाठ फिरवून बसले. मग मिस्त्रीणबाईंनीही ठरवले की आता हा विषय स्वतःहून काढायचा नाही. त्या घरात अबोला नव्हता. भाजीत मीठ कमी आहे, छत्री कुठे आहे, इतपत बोलणे चाले. मात्र भोकाबद्दल एक अक्षर नाही. बायकांनी आपल्या सोयीसाठी भोक बुजवून घेतले, हे मिस्त्रींनी धरून ठेवले, आणि ते खरे की खोटे हे तपासायची वाट त्यांनी स्वतःच बंद केली.

ठिगळानंतर पंप पहिल्यांदा अडला तेव्हा खाली उतरला तो मिस्त्रींचा जोडीदार. तो काम करताना अखंड शीळ घाली, म्हणून त्याचे नाव ‘शिट्टी’. मिस्त्रींनी हवा खेचणारा पंखा मागितला होता, तोंडावर लावायचा मुखवटा मागितला होता. भांडारातून धुतलेला रुमाल आला. मिस्त्री तो रुमाल घेऊन साहेबांच्या नावाने ठणाणा करीत असतानाच शिट्टी कमरेला दोर बांधून म्हणाला, “तू शिव्या घाल, तोवर मी जाऊन येतो. तुझ्या शिव्या संपायच्या आत वर असेन.”

खालून शीळ ऐकू येत होती. मग ती मध्येच थांबली.

मिस्त्रींनी दोर ओढला. तो किती जड लागला हे ते नंतर कोणाला सांगू शकले नाहीत. शिट्टी वाचला. त्याचा हात मात्र तेव्हापासून कापू लागला. पाना धरवेना, आणि शीळही पुन्हा कधी जमली नाही. कारखान्याने त्याला फाटकाजवळ एक स्टूल दिले. घडल्या प्रकाराची चौकशीही झाली. कार्यालयाचा निष्कर्ष असा निघाला की त्या माणसाने सकाळी काही खाल्ले नव्हते, म्हणून त्याला भोवळ आली.

हा निष्कर्ष शिट्टीच्या बायकोपर्यंत पोचला. ती मिस्त्रींच्या दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “भाऊ, मी माझ्या हातानं वाढलं होतं हो. पोटभर जेवून गेले होते. तुम्ही तरी सांगा त्यांना.”

मिस्त्रींनी सांगितले. साहेबांना सांगितले, साहेबांच्या साहेबांना सांगितले, रंगाई विभागात सांगितले, चहाच्या रांगेत सांगितले. “विषानं माणूस आडवा झाला, आणि गुन्हेगार कोण, तर न्याहारी!” लोक मान डोलावीत. खालच्या मजल्यावर हळूहळू दुसरेच एक वाक्य पसरत होते: वरच्या बायकांनी नाक मुरडले, म्हणून शिट्टी गेला कामातून. हे वाक्य प्रथम कोणी उच्चारले याचा आज थांग लागत नाही. कोणाच्या सोयीचे होते, ते कळायला फार शोध घ्यावा लागत नाही.

आणि मग पंप पुन्हा अडला.

सांडपाण्याच्या नाल्यावरची जाळी कोणी तरी काढून टाकल्यापासून तुटके सूत सरळ खड्ड्यात येई आणि पंपाच्या तोंडातल्या, पाणी उपसणाऱ्या पंख्याला वेढे घाली. त्या दिवशी मोटर सुरू केली की नुसती हुंकारे आणि बंद पडे. खड्ड्यातले पाणी चढू लागले. ते काठाला आले की रंगाई थांबवावी लागणार होती. साहेब खाली आले.

“मिस्त्री, उतरा.”

“नाही.”

“मग दुसरा कोणी उतरेल.”

“कोणीच उतरणार नाही.” असे म्हणून मिस्त्रींनी माणूस उतरायच्या तोंडावरचे लोखंडी झाकण ओढून घेतले, त्याला कुलूप घातले, किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली आणि झाकणावर बैठक मारली.

साहेब चिडले नाहीत. त्यांनी आवाज उलट खाली आणला. “बरं. मग काय करू? वरचा स्लॅब फोडू? आणि त्या बायकांना काय सांगू? तुमची बायको आहे वर. जा, विचारा तिला. घरचा प्रश्न घरात मिटवा, कारखान्यात आणू नका.”

मिस्त्री उठले. जिना चढताना त्यांच्या पायांचा आवाज वरच्या खोलीत पोचला असावा, कारण ते दारात येईपर्यंत खोक्यांवर चिकटपट्टी ओढण्याचा टर्र टर्र आवाज थांबला होता.

“काय मिस्त्री, रस्ता चुकलात?” मोठी बाई म्हणाली. “तुमचं पाताळ खाली आहे.”

“पाताळातूनच आलोय. तुमच्या नाकांची खुशाली विचारायला. वास येत नाही ना आता? सुखी आहात ना? शिट्टीचा हात गेला, आता माझा नंबर लागलाय. म्हटलं, जायच्या आधी विचारून जावं, अजून कुठं फट राहिली असेल तर बुजवून घ्या.”

मिस्त्रीणबाई टेबलामागून पुढे आल्या. “कोण म्हणालं, आम्ही भोक बुजवायला सांगितलं?”

“साहेब म्हणाले. सगळ्यात मोठा आवाज तुझा होता.”

“आवाज होताच. मी झाकण मागितलं होतं. घट्ट बसणारं, कडेला रबर लावलेलं, हवं तेव्हा उचलता येईल असं. ह्या सगळ्या साक्षीला आहेत. सुटीवरून आलो तर इथे फरशी! मी साहेबांना विचारलं, मिस्त्रींचा पंप कसा निघणार? तर म्हणाले, मिस्त्रींनीच सांगितलं, आता भोकाची गरज नाही, नवी पद्धत आलीय.”

“मी सांगितलं?”

“तुम्ही.”

“आणि हे तू मला आत्ता सांगतेस?”

“तेव्हा सांगायला बसले होते. तुम्ही ताट ढकलून पाठ फिरवलीत. पाठीशी बोलायची मला सवय नाही.”

कुणी तरी हसले. मिस्त्री उभ्याउभ्या पुटपुटत राहिले. एकाच माणसाने वर एक सांगितले होते आणि खाली दुसरे. आणि जिन्याच्या त्या काही पायऱ्या चढून किंवा उतरून कोणी ते ताडून पाहिले नव्हते. रात्री एका छताखाली झोपणाऱ्या दोघांनीसुद्धा नाही. राग तर मावत नव्हता, पण त्यातला एक वाटा आपल्या स्वतःच्या नावाचा आहे हे प्रथमच त्यांच्या ध्यानात आले, आणि ह्या वाट्याचे काय करायचे ते त्यांना कळेना.

“मिस्त्री,” मोठ्या बाईने सावकाश विचारले, “म्हणजे खाली लोक असं म्हणतात का, की शिट्टी आमच्यामुळे पडला?”

मोठी बाई उठली. हातातली चिकटपट्टी तिने टेबलावर अशी आपटली की खोक्यातली रिळे उडाली. “सरकवा गं टेबलं,” ती म्हणाली.

कुंपणाच्या भिंतीचे काम करीत असलेल्या मेहुण्याला निरोप गेला. तो घण आणि छिन्नी घेऊन आला, आणि बहिणीकडे व भावोजींकडे आळीपाळीने पाहत म्हणाला, “दोघांपैकी कोण मारणार आहे मला, ते आधी ठरवा.”

“मार खायला सवड नाही. फोड,” मिस्त्री म्हणाले.

त्यांनी खाली जाऊन मोटरवर फळ्या आणि गोण्यांचे छप्पर केले, पंपघर रिकामे केले आणि पुन्हा वर येऊन मेहुण्याच्या डोक्यावर उभे राहिले. पहिला घाव बसला तसे साहेब धावत आले.

“कोणाच्या परवानगीनं चाललंय हे?”

मेहुण्याने घण खाली टेकवला. “साहेब, बुजवताना तुम्ही तोंडी सांगितलंत. तोंडी बुजवलेलं तोंडीच उघडतात.”

“मी कुठे सांगितलंय उघडायला?”

“तुम्ही म्हणालात, घरचा प्रश्न घरात मिटवा,” मिस्त्री म्हणाले. “ही माझी बायको, हा माझा मेहुणा. घरच आहे. मिटवतोय.”

साहेबांनी बायकांकडे पाहिले. त्या भिंतीला लागून उभ्या होत्या आणि एकीनेही नजर खाली घातली नाही. वर एक सांगितलेले आणि खाली एक सांगितलेले आता एकाच खोलीत समोरासमोर आले होते. साहेब दाराशी जाऊन उभे राहिले.

“हळू! खाली मोटर आहे!” मिस्त्री ओरडले.

“भावोजी, तुमच्या पंपाला मी कधी हात लावतो का? मग माझ्या घणाला तुम्ही शिकवू नका.”

“हात लावला नाहीस, नुसतं डोक्यावर छत घातलंस!”

“तेही तुम्हाला फुटत नाहीये, मलाच फोडावं लागतंय. म्हणजे काम चोख होतं.”

स्लॅबला भोक पडले, मोठे झाले, जुना चौकोन पुन्हा दिसू लागला. मिस्त्रींनी मोटर सोडवून बाजूला घेतली, नळीचा सांधा खोलला, तळपाटाचे बोल्ट काढले, वरच्या आकड्याला साखळी लावली. मग पंप वर येऊ लागला. निळे, लाल आणि शेवाळी पाणी गाळत त्याचा लांबच लांब देह पॅकिंगच्या खोलीत उभा राहत गेला, आणि सर्वांत शेवटी खालचे तोंड वर आले: सुताच्या वेढ्यांनी ते एवढे फुगले होते, की कोणा वेड्याने गुंडाळलेले प्रचंड रीळच वाटावे. वास सुटला. एकीनेही पदर नाकाला लावला नाही. मिस्त्री पान्याच्या टोकाने सूत उचकटू लागले, तशा मिस्त्रीणबाई म्हणाल्या, “सरका. सूत असं निघत नाही, आणखी आवळतं.” खोके कापायच्या सुऱ्या घेऊन त्या आणि मोठी बाई दोन बाजूंनी बसल्या, आणि वेढे उलगडत, कापत त्यांनी तो पंखा मोकळा केला. मिस्त्रींनी तो हाताने फिरवून पाहिला. फिरला.

साहेब पुढे आले. त्यांचा आवाज पुन्हा पूर्ववत झाला होता. “झालं ना? उत्तम. आता सोडा खाली आणि चालू करा. संध्याकाळी ह्यावर फळ्या टाकून घेऊ, पुढचं पुढे बघता येईल.”

“फळ्या तर फळ्या,” मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे आत्ताच लाल झाले होते. “पण बुजवायचं नाही. वास आम्ही सोसू.”

“सोसायचा कशाला?” मिस्त्री बायकोवर असे कडाडले की मेहुणा दचकला. “कशाला सोसायचा? माझ्या छातीत वायू नको, मग तुझ्या डोळ्यांत का? झाकण मागितलं होतंस ना? तोंडानं मागितलं होतंस ना? मग झाकणच येईल!”

ते साखळीपाशी गेले, तिचे मोकळे टोक खांबाला गुंडाळले आणि गाठ मारली. पंप भोकाच्या वर, खोलीच्या मधोमध लटकत राहिला.

“हे काय?” साहेब म्हणाले.

“झाकण बनून येईपर्यंत पंप इथंच. घट्ट, रबर लावलेलं, उचलता येणारं. माप मेहुणा देईल.”

“अहो, पाणी चढतंय खाली! रंगाई बंद पडेल!”

“चढू द्या,” मिस्त्री म्हणाले. “आत माणूस नाही.”

मोठ्या बाईने एक स्टूल ओढले आणि ती पंपाकडे तोंड करून बसली. मग बाकीच्याही बसल्या. चिकटपट्टीला कोणी हात लावला नाही. साहेब फोन कानाला लावून लोखंडकामवाल्याला बोलावीत जिना उतरू लागले. आणि मेहुणा गुडघ्यांवर बसून भोकाच्या कडा मापू लागला.